खरी घडलेली गोष्ट लिहिली तरी लोक म्हणतात खोटी वाटते. पात्र पटवायचं कसं?

बोरीकाठचा

नमस्कार मंडळी, मी पारोळा तालुक्यातला. शेती आहे, दुपारच्याला मित्राच्या कृषी केंद्रावर बसतो आणि रात्री लिहितो, दोनेक वर्षं झाली. आत्तापर्यंत छोटे छोटे प्रसंग लिहिले ते ओळखीच्या लोकांना आवडले, पण आता पहिल्यांदा मोठी कथा घेतली आणि तिथंच गाडं अडलंय म्हणून विचारतोय.

गोष्ट आमच्याच भागात घडलेली आहे. एक सालदार होता, म्हंजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी, कथेत मी त्याचं नाव दगा ठेवलंय. एकाच मालकाकडं त्यानं २२ वर्षं साल धरलं. आणि एका आखाजीला, म्हंजे अक्षय्य तृतीयेला, जुनं साल संपून नवं ठरायच्या दिवशी, मालक पैसे वाढवून द्यायला तयार असताना हा माणूस उठला, बायकोला घेतलं, दोन गाठोडी घेतली आणि चार कोसांवरच्या गावी जाऊन साल धरलं. ते पण कोणाकडं तर मालकाच्या सख्ख्या भावाकडं, ज्याच्याशी मालकाचं वाटणीपासून बोलणं बंद होतं. मी तेव्हा बारावीला होतो. गावात कितीतरी दिवस हाच विषय, पारावर, गिरणीवर, सगळीकडं, पण तो का गेला हे शेवटपर्यंत कोणालाच कळलं नाही.

मी १४ पानं लिहिली. कारण माहीत नाही म्हणून मी कारण घातलं की बैल दगावतो, मालक खळ्यात चार लोकांसमोर दगाच्या कानाखाली मारतो आणि दगा निघून जातो. बहिणीला वाचायला दिलं तर म्हणे हे सिरियलमधलं वाटतंय, मालक तर अगदीच पिक्चरमधला पाटील आहे. मित्राला दिलं तर तो म्हणे असं कोणी करतं का. मी म्हटलं अरे हे खरंच झालंय, तर म्हणतो, असेल खरं, पण वाटत नाही.

हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. खरं असून वाटत नसेल तर कमी काय पडतंय? आधी माणूस उभा करायचा की आधी प्लॉट पक्का करायचा? आणि डायलॉग अहिराणीत ठेवू का, की पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळायला पाहिजे म्हणून साध्या मराठीत? जे लिहिणारे आहेत त्यांनी प्लीज सविस्तर सांगा, कडक बोललात तरी चालेल.

मास्तर_धुळे

भाऊ, तुमच्या मित्रानं अगदी मुद्द्याचं सांगितलं आहे. ॲरिस्टॉटलनं २३०० वर्षांपूर्वी ‘पोएटिक्स’मध्ये हेच मांडून ठेवलंय, की शक्य असून न पटणारी गोष्ट घेण्यापेक्षा अशक्य असली तरी पटणारी गोष्ट कवीनं घ्यावी. ‘खरंच घडलंय’ ही साक्ष कथेत चालत नाही, कारण वाचकापुढं फक्त पान आहे. तुमचं गाव, तो पार, ती गिरणी त्यानं पाहिलेली नाही. तुम्ही पाहिलीत म्हणून तुम्हाला लिहिताना ते सगळं आपोआप दिसतं, आणि ते कागदावर उतरलंय असा भास होतो.

आता ती कानाखाली. २२ वर्षं एका घरात राबलेला माणूस एका चपराकीनं जाईल का? ही पहिलीच चपराक असेल तर इतकी वर्षं हात न उचलणाऱ्या मालकानं आजच का उचलला, आणि दहावी असेल तर दहावीलाच हा का उठला? काल कामावर आलेला रोजंदार चपराक खाऊन जाईल, पटकन पटेल. दगाला ते कारण तोकडं पडतं. बाहेरून आणून चिकटवलेलं कारण आहे ते, त्याच्या २२ वर्षांतून निघालेलं नाही.

दुसरं, तुम्ही दगा ‘स्वाभिमानी’ आहे, ‘मुका’ आहे, ‘इमानी’ आहे असं बहुतेक लिहिलं असणार. मी ३१ वर्षं मराठी शिकवली. ‘माझी आई’ निबंधाच्या ५०-५० वह्या तपासायचो, प्रत्येकीत आई प्रेमळ आणि कष्टाळू. एका वर्षी एका मुलीनं लिहिलं होतं की आई भाकरी वाढताना टोपल्याकडं आमची पाठ होईल असं बसवते, म्हणजे किती उरल्या ते आम्हाला दिसू नये. प्रेमळ हा शब्द कुठंच नव्हता. ती वही मला आजही आठवते, त्या मुलीचा चेहरा आठवत नाही पण तिची आई मात्र दिसते. भरतमुनींनी रसाचं सूत्र सांगताना विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव म्हटलं ना, त्यातला अनुभाव म्हणजे भावनेची अंगावर दिसणारी खूण. तुम्ही भावनेचं नाव सांगताय, खूण दाखवत नाही. दगाला राग आला की तो काय करतो? चिलीम भरतो? बैलाची शिंगं पुसत बसतो? ते शोधा.

सरळ_सांगा

मला वाटतं तुम्ही उगाच कारण घालताय. गावाला कळलं नाही ना, मग वाचकाला पण कळू देऊ नका. गेला म्हणजे गेला. आयुष्यात कुठं सगळी कारणं कळतात.

बोरीकाठचा

सर, खूप आभार. ‘स्वाभिमानी’ शब्द खरंच दुसऱ्याच पानावर आहे.

सरळ_सांगा भाऊ, तसा पण ड्राफ्ट केला होता, कारण न देता. तर बहीण म्हणे पान हरवलंय का मधलं.

भुसावळ_माहेर_शिंदखेडा

भाऊ, पूर्ण वाचलं, सरांचं पण वाचलं. माझा एकच प्रश्न आहे आणि तो मी वाचता वाचता तीनदा स्वतःला विचारला. त्याची बायको कुठंय?

तुम्ही लिहिलंय ‘बायकोला घेतलं, दोन गाठोडी घेतली’. तिला गाठोड्यांच्या रांगेत बसवलंय तुम्ही. रागानं नाही सांगत, आमच्या महिला मंडळाच्या एकांकिकेत मीही हीच चूक केली होती, सासू-सुनेचं भांडण लिहिलं आणि नवरा नुसता पेपर वाचत ठेवला. तालमीत जी नवऱ्याचं काम करत होती ती म्हणाली ताई मी इथं बसून नेमकं काय करतेय मला कळत नाही. तिनं विचारलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की भांडण त्याच्यामुळं चाललंय, आणि त्याला सगळं ऐकू येतंय. मग एकच बदल केला, त्याला शेंगा सोलायला दिल्या. भांडण वाढलं की त्याचे हात थांबायचे. डायलॉग एकही वाढवला नाही.

सालदाराची बायको म्हंजे मालकाच्या घरात निम्मं काम तिचं. पाणी, शेण, धुणी, लग्नकार्यात पापड-कुरडया. २२ वर्षं ती पण तिथंच होती. तिचं साल कोणी धरलं होतं? तिला काय मिळत होतं? दगा बोलत नसेल पण घरी गेल्यावर ती बोलत असेल की नाही? गाव म्हणतं कोणालाच कळलं नाही, पण गावानं तिला विचारलं होतं का?

अजून एक सांगते, आपल्याकडचं आहे म्हणून लवकर कळेल. कानबाईच्या रोटांचं बघा, रोट म्हंजे कानबाई देवीच्या नैवेद्याच्या पोळ्या. घरातल्या पुरुषांमागं सव्वा मूठ धान्य मोजून घेतात, आणि रोट खायचे फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी. बाहेरच्याला देत नाहीत. ही रीत आहे, त्यात कोणाचा कोणावर राग नाही. आता मालक वर्षभर म्हणतो, दगा काय आमच्या घरचाच आहे. मनापासून म्हणतो, खोटं नाही बोलत तो. आणि श्रावणात रोट होतात तेव्हा दगा गोठ्यात असतो आणि त्याला नेहमीची भाकरी येते. असं २२ श्रावण. कोणीच चुकलेलं नाही, तरी त्याला दरवर्षी एक दिवस कळतं की आपण नेमके कुठं आहोत. तुम्हाला हवं ते कारण इथं आहे असं मला वाटतं. मग आखाजीला हिशोबाची वेळ येते आणि मालक परत तेच वाक्य म्हणतो, अरे तू घरचाच, घरच्याला कसला आलाय हिशोब. त्याच्या तोंडी हे वाक्य प्रेमाचंच आहे पण आता ते पैसे अडवतंय. आणि भाऊ, ज्याच्याकडं तो जातो, तो काय म्हणत असेल? तो म्हणत असेल, हे तुझं साल, ही उचल, मोजून घे. बस. घरचा-बिरचा काही नाही.

आणि आखाजीला काय असतं गावात? सगळ्या लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, गौराईची गाणी चालू असतात. गावातल्या सगळ्या बायका गावात येण्याच्या दिवशी एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन गावाबाहेर पडतेय. तुमच्याजवळ एवढा मोठा सीन आहे आणि तुम्ही तो एका ओळीत संपवला.

बोरीकाठचा

ताई, तुमचा रिप्लाय वाचून मी खरंच उठून अंगणात फेऱ्या मारल्या. रोटांचं आमच्या घरी दरवर्षी होतं, माझ्या डोळ्यासमोरचं आहे आणि ते कथेत येऊ शकतं हे कधी सुचलंच नाही.

आणि तुम्ही हिशोब म्हणालात त्यावरून एक आठवलं. त्या वर्षी मालकाचा कापूस आखाजीपर्यंत घरातच होता. भाव वाढेल म्हणून धरून ठेवलेला, मधल्या खोलीत छतापर्यंत. ज्यांनी कापूस घरात ठेवलाय त्यांना माहितीय, घरभर किडे आणि अंगाला खाज, लहान पोरं रात्र रात्र रडतात, वर कापूस वाळून वजन रोज घटतं ते वेगळंच. त्यांच्या घरी सगळ्यांचे हात खाजवून लाल झालेले मी पाहिलेत. म्हंजे दगाचे राहिलेले पैसे देणं होत नव्हतं ते मालक वाईट होता म्हणून नाही, पैसाच त्या खोलीत अडकला होता.

मास्तर_धुळे

आता तुमचा मालक पाटलाच्या मिशीतून बाहेर पडला. त्याला कापूस विकायचा नाही, कारण आज विकला तर वर्षाची मेहनत तोट्यात जाते. दगाला थांबायचं नाही, कारण आखाजी ही सालदाराची वर्षातून एकदा येणारी वेळ, ती चुकली की पुढची वर्षानं. दोघांचंही बरोबर, आणि दोघांना पुरेल एवढा वेळ नाही. तुम्ही विचारलं होतं आधी माणूस की आधी प्लॉट. इथं वेगळं करून दाखवा मला. कापूस धरून ठेवणं हा मालकाचा स्वभाव आहे की कथानक आहे? मला तरी सांगता येणार नाही.

फक्त भाव कोसळल्याची बातमी नेमकी आखाजीलाच आणू नका. मोह होईल. कापूस खोलीत तसाच राहू द्या, कथा संपली तरी.

पथारी_स्केचबुक

मी लिहीत नाही, चित्रं काढतो, नंदुरबारला असतो. कॉमिकसारखं एक काम करतोय मिरचीच्या पथारीवर काम करणाऱ्या बायकांवर. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी, ओली लाल मिरची मोकळ्या जागेवर पसरून वाळवतात, लांबून जमीनच लाल दिसते आणि जवळ गेलं की श्वास घेता येत नाही. त्यामुळं सगळ्या बायका तोंड-नाक फडक्यानं बांधून बसतात. आता माझा प्रॉब्लेम बघ भावा, सहा पात्रं आणि सहाही जणींचे फक्त डोळे दिसतात. पहिली दहा पानं काढली तर मलाच कळेना कोण कोण आहे. साड्यांचे रंग वेगळे दिले, तरी नाही जमलं.

मग चार दिवस सकाळी जाऊन नुसता बसलो, वही बंद ठेवून. एकजण कायम डाव्या टाचेवर बसते आणि उजवा गुडघा उभा. एकीचं तान्हं झोळीत असतं तर ती दर मिनिटाला मान वर करते, झोळी हलत नसली तरी. एक म्हातारी आहे ती खाली बघतच नाही, हात आपोआप चालतात आणि नजर रस्त्यावर. घरी येऊन सहाही जणी नुसत्या काळ्या रंगानं भरल्या, आत एक रेघ नाही, आणि भावाला दाखवल्या. त्यानं पाचजणी बरोबर ओळखल्या. कॅरेक्टर डिझाइनमध्ये ही चाचणी नेहमी करतात, आकृती पूर्ण काळी करायची आणि ओळखू येते का बघायचं.

तुझ्या दगाला तसं काळं करून बघ. तो काय बोलतो, किती इमानी आहे, सगळं पुसून टाक. उरलेल्या सावलीवरून तो सालदार ओळखू येतो का? २२ वर्षं एकाच गोठ्यात पहाटे चारला गेलेला माणूस आहे. नव्या गावातल्या पहिल्या पहाटे तो अंधारात उठेल ना, तेव्हा त्याचे पाय जुन्या गोठ्याच्या दिशेला वळतील आणि भिंत लागेल. मला तर हे पान आत्ताच काढावंसं वाटतंय. परवानगी असेल तर काढतो.

भाषेचं विचारलंस त्यावर एक सांगतो. आमच्या गावात ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती शहीद झाले, पोरवयाची मुलं होती. त्यांच्या मिरवणुकीतली घोषणा होती ‘नहीं नमशे, नहीं नमशे, निशान भूमी भारतनुं’. गुजराती. कारण शिरीषकुमारच्या घरची भाषा गुजराती होती आणि नंदुरबारच्या बाजारात ती सगळ्यांना समजत होती. आता हा सीन कोणी छापील मराठी घोषणा देऊन लिहिला तर आमच्या गावचा वाचक तिथंच थांबेल. बाहेरच्याला गुजराती नाही कळली तरी त्याला एवढं कळेल की हे गाव कुठल्यातरी एका ठरावीक जागेवर आहे.

पांझरा_थडी

डायलॉग अहिराणीतच ठेव भो. आणि कंसात अर्थ देऊ नको, वाचणारा दोन पानांत सरावतो. निवेदन तुझ्या साध्या मराठीत राहू दे.

पण सगळ्यांना एकसारखी अहिराणी देऊ नको. हे फार होतं, गावाकडचं पात्र म्हटलं की सगळे एकाच सुरात बोलायला लागतात. मालक शिकलेला असेल तर तो दगाशी अहिराणीत बोलेल, ‘बठ रे भो, च्या ले’ वगैरे, आणि पैशाचा विषय निघाला की एकदम पुस्तकी मराठीत येईल, ‘हे बघ, हिशोब आपण नंतर करू’. आमच्या काकांचं असंच आहे, मजुराशी व्यवहार बोलायचा झाला की भाषा बदलते, त्यांना स्वतःला कळत पण नाही. मजुरांना बरोबर कळतं. नुसती भाषा बदलली की पुढं काय येणार ते त्यांना आधीच समजतं.

दुसरं, आपल्याकडं ‘कथा’ म्हंजे कुठं. अथा, तथा, कथा. ‘कथा जाई राह्यनात आप्पा?’ असं कोणीतरी वाटेत विचारणारच त्या नवरा-बायकोला, आखाजीच्या दिवशी गाठोडं घेऊन चाललेल्यांना न विचारता आपल्याकडचा माणूस सोडत नाही. विचारणारा एक ठेव. आणि उत्तर कोण देतं ते बघ, दगा की ती.

आणि नाव बदलू नको. बाहेरचे लोक म्हणतील दगा नाव ठेवलं म्हणजे विश्वासघाताचं काहीतरी सुचवलंय. आमची आजी सांगायची, आधीची लेकरं दगावली की पुढच्याला दगा, भिका, उखा असं हलकं नाव ठेवायचे, नजर लागू नये म्हणून. आईनं जगवायला दिलेलं नाव आहे ते. कथेत समजावून सांगत बसू नको, पण तुला माहीत असू दे.

सरळ_सांगा

हे सगळं चांगलं चाललंय, पण एक मनापासून विचारतो. तो खरा माणूस जिवंत आहे ना? तुम्ही सगळे मिळून त्याच्या डोक्यात रोट, अपमान, हिशोब काय काय घालताय. त्याला हे मान्य आहे का? चार कोसांवर राहतो म्हणताय, जाऊन भेटत का नाही?

भुसावळ_माहेर_शिंदखेडा

हे मात्र बरोबर बोललात. भाऊ, जाऊन या. कारण विचारायला म्हणून नका जाऊ, बसून या नुसते.

बोरीकाठचा

मंडळी, आठ दिवसांनी लिहितोय. रविवारी जाऊन आलो.

आता ते साल धरत नाहीत, वय झालंय, त्याच मळ्यात खोली आहे तिथं दोघं राहतात. मला ओळखलं, बापाचं नाव सांगायची वेळच आली नाही. चहा झाला, बैल दाखवला, बैलाबद्दल अर्धा तास बोलले. मी काहीच विचारणार नव्हतो, ताईंनी सांगितलं होतं म्हणून. पण निघताना राहावलं नाही, विचारलं की आप्पा, तेव्हा तिकडनं का निघालात. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘तठे पानी लांब व्हतं. आठे आंगनमाच नळ शे. हिना गुडघा दुखतस.’

बस एवढंच. पुढं काहीच नाही. आजी आतून बघत होत्या, त्या काही बोलल्या नाहीत, माझ्या हातातला रिकामा कप घेऊन गेल्या.

मी सांगितलं की असं असं लिहितोय, चालेल का. म्हणाले, ‘लिख, पन नाव नको टाकजो.’ म्हणून गाव, बैल, नाती, सगळं बदलतोय, वर जे लिहिलंय त्यातही काही गोष्टी मी आधीच फिरवलेल्या होत्या.

पण मोटरसायकलवर येताना सगळा रस्ता मी हेच घोळवत होतो की आम्ही गावभर काय काय बोललो, भावांचं भांडण, पैसा, कोणी तर करणी पण म्हणालं, आणि मी १४ पानात बैल मारला. आणि कारण काय तर नळ. आता मला कळत नाही की नळ घेऊ का रोट आणि हिशोब घेऊ. नळ खरा आहे. पण नुसता नळ लिहिला तर मित्र परत म्हणेल, एवढ्यासाठी कोणी जातं का.

मास्तर_धुळे

मी तुमचं ‘हिना गुडघा दुखतस’ बराच वेळ पाहत बसलो. पहिल्या उत्तरात मी तुम्हाला म्हणालो की चपराक तोकडी पडते, आणि मनातून मी चपराकीपेक्षा मोठं कारण शोधत होतो. मी चुकीच्या बाजूला शोधत होतो.

नळ मोठा करू नका. त्याला त्याच्या मापाचाच ठेवा आणि त्यामागं वर्षं लावा. नळ घेऊ असं मालक कितीदा म्हणाला असेल? कापूस विकला की घेऊ, बोअर झाली की घेऊ, पोरीचं लग्न झालं की घेऊ. पहिल्या पानावर एक खेप, तिसऱ्या पानावर एक खेप, आणि प्रत्येक खेपेला तिची चाल जराशी बदललेली. वाचक मोजत नाही, पण त्याच्या पायाला कळतं. मग शेवटी दगा उठला की तुमचा मित्र ‘एवढ्यासाठी’ म्हणणार नाही.

भुसावळ_माहेर_शिंदखेडा

मी बायको कुठंय विचारलं होतं आणि ती पाण्याला गेलेली होती. मला तर भरून आलं हे वाचून.

भाऊ, रोट सोडू नका पण. रोट वाचकाला दिसू द्या आणि दगाच्या तोंडी फक्त नळ राहू द्या. माणसं जे बोलून दाखवतात ते बोलता येण्यासारखं असतं म्हणून बोलतात. मला रोट मिळाला नाही असं म्हातारा माणूस कधी म्हणेल का? गुडघा म्हणता येतो.

आणि त्या आजींनी कप उचलून नेला ते कथेत हवं. कुठं ते माहीत नाही, पण हवं.

पथारी_स्केचबुक

ते अंधारातल्या पायांचं पान काढलंय, पण आता दोन पानं झालीत. दुसऱ्यात ती उठते आणि सवयीनं हंडा घेऊन फाटकापर्यंत जाते, मग थांबते. मागं अंगणात नळ. चेहरा दाखवला नाही, पाठमोरीच आहे. तुझी कथा झाली की पाठवतो.

बोरीकाठचा

सर्वांचे आभार कसे मानू कळत नाही. १४ पानं बाजूला ठेवली, परत पहिल्यापासून सुरू केलंय. सुरुवात टाकतोय, बघा.

‘ऊन चढायच्या आत तिनं तिसरी खेप आणली. निंबाला झोका बांधलेला, माहेरी आलेल्या पोरी त्याच्याभोवती. ती वाटेनं येताना दिसली तशी एकीनं झोका धरून ठेवला, ती पार होईपर्यंत. दोन हंडे डोक्यावर, कळशी कमरेला. मालकाच्या ओट्यावर घागर भरायची तयारी, डांगर धुऊन ठेवलेलं. मधल्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी, तरी दाराच्या फटीतून कापूस बाहेर आलेला. दगा पायरीशी बसला होता, टोपी गुडघ्यावर. तिनं वाकून दाराच्या आत पाहिलं. मालक म्हणत होता, बठ रे दगा, च्या ले. मग वही मिटून म्हणाला, हे बघ, तू तर आपल्या घरचाच आहेस.’

पांझरा_थडी

भाषा बदलली तिथं अंगावर काटा आला. पुढचं टाक.

भुसावळ_माहेर_शिंदखेडा

फटीतून आलेला कापूस छान. फक्त एक, दोन हंडे डोक्यावर असताना तिला वाकता येणार नाही भाऊ, पाणी सांडेल. आधी हंडे उतरवा. आणि ओट्यावर नका उतरवू, घागरीची तयारी आहे तिथं. खाली, जमिनीवर. उतरवायला तिला कोणीतरी हात द्यावा लागेल, वरचा हंडा एकटीला उतरत नाही. दगा बसलेलाच आहे. मग तो उठेल ना?

बोरीकाठचा

हो ताई. उठेल. मालकाचं वाक्य अर्धं राहील मग. थांबा, हे परत लिहितो.